उजवा दांडा

नव्या घराच्या आतल्या खोलीत एक खिडकी, दोन दारं, सात खोकी आणि तीन माणसं होती. सातांपैकी सहा खोक्यांत तिचे कपडे होते. सातव्यात भांडी होती आणि त्यावर तिचा धाकटा भाऊ बसला होता.

सुताराने तिला भिंतीला पाठ लावून उभं केलं. "टाचा टेकलेल्या ठेवा. हात वर, मूठ बंद." कपाटातला हँगरचा दांडा तो वापरणाऱ्याच्या हातावरून बेतत असे. तयार मापं त्याला पटत नसत.

"सहा फूट दीड इंच." त्याने भिंतीवर रेघ मारली. "हा डावा अर्धा. उजव्याचं काय करायचं?"

"फळ्या टाका," भाऊ म्हणाला. "गाद्या, उशा, काय ते राहील."

"फळ्या नकोत," ती म्हणाली. "उजव्यातही दांडा. माझ्यापेक्षा वर. आणि त्याच्याखाली एक बुटका दांडा, लहान मुलाच्या हाताला येईल असा."

भावाने सुताराकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "ताई, जरा बाहेर येतेस?"

"इथेच बोल. दांडे त्यांनाच बसवायचेत."

"बेचाळीस पूर्ण झाली तुला."

"मोजता मलाही येतं."

"डॉक्टर काय म्हणाले ते..."

"शक्यता कमी आहे म्हणाले. कमी म्हणजे शून्य नाही. रिपोर्ट लिहिण्याचंच काम करते मी."

"आणि वरचा दांडा ज्याचा, तो कुठाय?" भावाचा आवाज खाली आला. "रोज सकाळी कपाट उघडशील आणि अर्धं रिकामं दिसेल. मला नाही बघवणार, म्हणून म्हणतो."

या एकाच गोष्टीची तिलाही भीती होती.

"बसमध्ये आपण जागेवर रुमाल टाकून ठेवतो ना," ती म्हणाली, "तसं समज."

"रुमाल टाकून पंधरा वर्षं झाली, ताई. बस डेपोत गेली असेल."

"मग पुढच्या फेरीला मी आधीच बसलेली असेन."

सुताराला हसू आलं. ते त्याने खोकून लपवलं आणि गुडघ्यांवर बसून भिंतीचा खालचा भाग पाहू लागला. "बुटक्याला एकच माप नको," तो म्हणाला. "दोन-दोन इंचांवर भोकं पाडून ठेवतो. मूल वाढेल तसा दांडा वर घ्यायचा."

"तुमच्या घरी असंच केलंय?" तिने विचारलं.

"माझ्या कपाटाला एकच दांडा आहे. सत्तेचाळीस वर्षांचा झालो." त्याने टेप मिटवली. "भोकं मात्र पाडून ठेवलीत."

खिडकीबाहेर कोणीतरी स्कूटर चालू करत होतं. तिसऱ्या किकला ती सुरू झाली.

"मोठ्या दांड्याला माप कोणाचं धरू?" सुताराने विचारलं. "तुमच्या भावांचं?"

"याचं नको. हा बल्ब बदलायलाही मला हाक मारतो."

भाऊ खोक्यावरून उठला. ते त्याने पायाने सरकवत भिंतीपाशी नेलं आणि सुताराच्या हातातली टेप काढून घेतली. "मिस्त्री, तुम्हीच उभे राहा. ताई, तू वर चढ आणि नीट वाच. भांडी आहेत, फुटायची नाहीत."

सुताराने चपला काढल्या, भिंतीला पाठ लावली आणि हात वर केला. ती भावाकडून टेप घेऊन खोक्यावर चढली. भावाने एका हाताने तिचं कोपर धरलं आणि दुसऱ्या हाताने, ती सांगेल तसं, भिंतीवर लिहिलं: उजवा दांडा, सहा फूट साडेनऊ इंच.