फितूर कॉम्प्युटर

"फुकट आहे, म्हणजे विकला मीच जाणार," मास्तर म्हणाले.

"मामा, ही लिनक्स सिस्टिम ओपन सोर्स आहे. खुली. आत काय लिहिलंय ते कोणीही वाचू शकतं," भाचा म्हणाला.

"माझं कोणी वाचू नये म्हणून तुला बोलावलं, आणि तू वाचता येणारी सिस्टिम आणलीस?"

"तुमचं नाही हो, तिचं वाचता येतं. विकतचीला झाकण असतं, आत काय चाललंय कळत नाही."

मास्तरांनी जन्मभर टायपिंग शिकवलं. त्यांचे विद्यार्थी आजही टाइप करताना ओठ हलवतात. क्लासची जुनी यंत्रं इमारतीच्या तळघरात होती. ती भंगारात काढून तिथे स्कूटर लावायच्या, असा सोसायटीच्या चेअरमनचा बेत. मास्तर सभेसाठी मुद्दे टाइप करत, आणि सभेत त्यांनी तोंड उघडण्याआधीच चेअरमन उत्तरं देऊन मोकळे. शब्दसुद्धा मास्तरांचेच!

म्हणून विकतची सिस्टिम फितूर ठरली, गेली. तिच्या जागी आलेली पहिली लिनक्सही फितूर निघाली. ही दुसरी. उद्या शेवटची सभा होती.

"इंटरनेट काढलंत?"

"मागेच. कॅमेऱ्याला चिकटपट्टी लावली. कानातलं यंत्रसुद्धा खणात टाकलंय. काय सांगावं, तेही ऐकून कुठे कळवत असेल!"

भाचा वैतागून त्यांच्या कानाशी वाकला. "मामा, चेअरमन भिंतीपलीकडेच राहतात ना? चावी वगैरे नाही ना त्यांच्याकडे?"

"छे! माणूस कपटी, पण घर शांत. हल्ली तर हूं की चूं नाही."

भाच्याने सगळं पुन्हा तपासलं. नवा पासवर्ड ठेवला. संशय घ्यायला जागाच उरली नाही, तेव्हा त्याने खुर्ची मामांना दिली. मामांना टाइप करताना तो आज पहिल्यांदाच बघणार होता.

मास्तर ताठ बसले. घसा साफ केला. बोटं कीबोर्डवर टेकवली.

"सन्माननीय सभासदहो, उद्गारचिन्ह, नवा परिच्छेद," ते मागच्या बाकापर्यंत पोचेल अशा खणखणीत आवाजात म्हणाले आणि बोटं धावू लागली. "तळघरातील खोली, स्वल्पविराम..."

पुढचं मास्तरांना ऐकू गेलं नाही. भाच्याला गेलं.

"अगं, पेन दे लवकर," भिंतीपलीकडून चेअरमन ओरडले, "मास्तरांचं डिक्टेशन सुरू झालं!"