शेवटच्या रांगेपर्यंत

दिल्लीतल्या नव्या संगीत सभागृहाचा आराखडा बीडच्या मुबश्शिराने केला होता. उद्घाटनाच्या दिवशी बड्या पाहुण्यांनी वडिलांची चौकशी केली, तेव्हा गॅरेजवाल्या बापाची लाज वाटून ती म्हणाली, "अब्बा वारले."

आठवड्याने ती घरी आली. सोबत सभागृहाची छोटी लाकडी प्रतिकृती होती. अब्बांनी, इलियासमियाँनी, ग्रीसचे हात पुसले आणि प्रतिकृती कौतुकाने मांडीवर घेतली.

"अब्बा, रंगमंचावर कुजबुजलं तरी शेवटच्या रांगेत ऐकू जातं."

त्यांनी प्रतिकृतीचं छत उचललं, शेवटच्या रांगेला कान लावला.

"तुझाच आवाज हाय. लई साफ."

"काय ऐकू येतंय?"

"कावून विचारतीस, बेटा? तूच तर बोलतीस." चूक आपलीच असावी तशी त्यांनी मान खाली घातली.

उद्घाटनाच्या दिवशीचं आपलं वाक्य आठवून शरमेने तिचे कान तापले. तिने प्रतिकृती ओढून स्वतः ऐकलं. तिचा आवाज नव्हताच. आत मोहल्ल्यातल्या मशिदीचा भोंगा सांगत होता, की इलियास मिस्त्रींचा इंतकाल झालाय आणि जनाजा आज असरच्या, तिसऱ्या प्रहरच्या नमाजानंतर उठेल.

बाहेर दुपारची, जोहरची अजान सुरू झाली.