चोकचा चटका

गोरेगावच्या चाँद पाशांची लेक अलमास सासरी निघाली, अन् घरची जुनी अँबेसिडर 'टक' करून अडली. महिनाभर कधी एका चावीत चालू व्हायची, कधी मुकी. बॅटरी बदलली, सेल्फ बदलला, तकलीफ तशीच. वऱ्हाडी धक्का मारायला बाह्या सरसावू लागले. "थांबा!" मागं बसलेली नवरी म्हणाली. लहानपणापासून ती अब्बांसोबत याच गाडीखाली लोळली होती. स्टिअरिंगवर बसलेल्या अब्बांनी पुन्हा चावी फिरवली; पुढं वाकून तिनं डॅशबोर्डवरचा चोक ओढला, तर चटका बसला. "अब्बा, चोकची तार काहून तापली? इंजिनाची अर्थिंग ढिली हाय, करंट इथून पळून राहिला!" शराऱ्याचा घेर सावरत उतरून तिनं बॉनेटखालच्या अर्थिंगच्या वायरीचा गंजलेला बोल्ट खरवडून पान्यानं आवळला. चावी फिरवावी तितक्यांदा इंजिन गरजलं. सासूबाई हसून म्हणाल्या, "आता हिलाच चालवू द्या!" अब्बा डोळे पुसत स्टिअरिंगवरून बाजूला झाले. नवऱ्याला शेजारी बसवून अलमासनं पहिला गिअर टाकला.