वाफ्याची पैज

"या वाफ्यात गवताचं एक जरी पातं उगवलं, तर बॅग भरतो आणि तुझ्याबरोबर पुण्याला येतो," नरहर म्हणाले. "नाही उगवलं, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही."

अनघाने मान डोलावली. आई गेल्यापासून बाबा तेलीबागच्या घरात एकटेच होते. मार्चमध्ये दोनदा गॅस चालू राहिला, तेव्हा दोन महिने घरून काम करायची परवानगी काढून ती त्यांना न्यायलाच लखनौला आली होती. पण 'माझ्याकडे चला' म्हटलं की त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबत. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती, पण सुंभ जळला तरी पीळ काही जळत नाही. एकदा नाही म्हटलं, की त्यांना माघार घेता येत नसे.

पैजही त्यांनी आपल्या मैदानातली काढली होती. तीस वर्षं त्यांनी तणांवर संशोधन केलं होतं. भर उन्हाळ्यात वाफ्यावर पारदर्शक प्लास्टिक अंथरायचं, आतली माती तापते आणि तणाचं बी जागच्या जागी मरतं. "आधी पाणी, मग प्लास्टिक. ओल्या मातीतच उष्णता खोल जाते," हे अनघाने लहानपणापासून पाढ्यासारखं ऐकलं होतं.

एप्रिलअखेरच्या त्या सकाळी नरहरांनी ढेकळं फोडली, वाफा सपाट केला, प्लास्टिक ताणून त्याच्या कडा मातीत गाडल्या. नळाला हातही लावला नाही.

अनघाने नळाकडे पाहिलं. गॅस कुणीही विसरेल. पण हे? सांगायला तिने तोंड उघडलं आणि मिटलं. त्यांचा पडलेला चेहरा तिला बघवला नसता.

पुढचे चाळीस दिवस तिला विसरण्याच्या खुणाच दिसत राहिल्या. "तुझ्या बाल्कनीत ऊन किती वेळ असतं गं?" हे त्यांनी तीनदा विचारलं. शेजारचा माळी विष्णू एकदा फाटकाशी थांबून म्हणाला, "दीदी, साहब ने अपना फावड़ा हमको दे दिया. बोले, रख लो." वाफा तापत पडलेला असताना फावडं देऊन टाकलं!

तिने रात्रंदिवस विचार केला. या माणसाजवळ आता ही मातीच उरलीय. पैजेत हरवून, मान खाली घालायला लावून न्यायचं त्यांना? त्यापेक्षा दिवसभराची बाई ठेवू, आपण येत-जात राहू.

प्लास्टिक निघालं. वाफ्याला पाणी दिलं. निकाल दहा दिवसांनी.

चौथ्या दिवशी लव्हाळ्याची हिरवी टोकं वर आली. पहाटे बाबा फिरायला गेले की अनघा खुरपं घेऊन बसू लागली. गाठीसकट लव्हाळा काढायचा, माती सारखी करायची, वर थोडं पाणी शिंपडायचं.

"नखांत माती गेलीय तुझ्या," एकदा पोहे खाताना नरहर म्हणाले.

"तुळशीची कुंडी हलवली ना."



दहाव्या दिवशी ते वाफ्याच्या कडेला उकिडवे बसले. बराच वेळ माती बोटांनी चाळत राहिले. एकही पातं नव्हतं.

"जिंकलात, बाबा! अब कोई बहस नहीं. तुम्ही इथेच राहायचं," अनघा म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

"अच्छा," म्हणून ते आत गेले.

चहा घेऊन ती त्यांच्या खोलीत गेली. पलंगावर मोठी बॅग उघडी होती, काठोकाठ भरलेली. मधोमध, स्वेटरात गुंडाळलेला आईचा फोटो. नरहर एकेक कपडा काढून कपाटात परत ठेवत होते.

"पाणी मी विसरलो नव्हतो, अनघा. मला हरायचंच होतं," ते पाठमोरेच म्हणाले. "मी तुला तिकडे नको होतो, तर नुसतं सांगायचंस. रोज पहाटे उठून कशाला उपटत बसलीस?"