बाल्साची पेटी

"काकू, पेटीत आयुष्यभराची भांडी आहेत! तुम्ही रिकामी टोपली उचलल्यासारखी उचलताय." दिग्दर्शकानं कपाळाला हात लावला.

तालमीत चौथ्यांदा हेच झालं होतं. नाटकातली म्हातारी घर सोडून निघते, जड पेटी एकटीनं दारापर्यंत नेते आणि पडदा पडतो. पण काकूंच्या पाठीचं दुखणं जुनं. दोन किलोच्या वर उचलायचं नाही, अशी डॉक्टरांची ताकीद. म्हणून त्यांच्या नवऱ्यानं, म्हणजे नाटकमंडळीच्या सुतारमिस्त्रींनी, पेटी बाल्साची केली. मुलं खेळण्यातली विमानं करतात ते पिसासारखं हलकं लाकूड. ब्लेडनं कापावं, सरसानं चिकटवावं, खिळ्याचं नाव काढू नये. वरून सागाचा रंग असा चढवला की मिस्त्रींचेच डोळे फसले. आता लोकांना फसवायचं काम बायकोचं, आणि तेच तिला जमेना.

"विटा भरू या चार," दिग्दर्शक म्हणाला. "नाहीतर उद्यापासून दुसऱ्या बाई बघाव्या लागतील."

मिस्त्री लगबगीनं पुढे झाले. लग्नाआधी सुटलेलं नाटक बायको साठीला पुन्हा करत होती, आणि घरात स्वयंपाक करताना संवाद म्हणत होती. त्यांनी तिला बाजूला घेतलं.

"अगं, जड वाटू दे ना जरा! कधी ओझं उचललं नाहीस का?"

"तेच तर! चाळीस वर्षं उचललं, पण तोंडावर दिसू दिलं नाही. आता ही सवय एका दिवसात कशी मोडू?" बोलता बोलता ती थांबली. नवऱ्याला नखशिखांत न्याहाळून हसली. "थांबा, सुचलं."

पाचव्यांदा ती पेटीपाशी गेली. कमरेवर हात ठेवून पेटीभोवती फेरी मारली. तळहातांवर फुंकर घातली, डोळे मिटले आणि "आई गं!" करून पेटी उचलली. दारापर्यंत जाताना दोनदा खाली टेकवली. दोन्ही वेळा कुणी बघतंय ना, याची खात्री करून घेतली.

"हेच! फक्त थोडं कमी करा," दिग्दर्शक ओरडला. "कुठून उचललंत हो?"

सगळी मंडळी मिस्त्रींकडे बघून खो खो हसत होती. घरातला गॅस सिलिंडर आपण कसा उचलतो, ते मिस्त्रींना आठवलं.

परत जाताना वाटेत भाजी घेतली. कलिंगडाची पिशवी तिनं त्यांच्यापुढे केली. मिस्त्रींनी ओठांवर आलेलं "आई गं" गिळलं आणि चालू लागले.

"जड आहे का हो?"

"छे!" ते म्हणाले. "बाल्साचं आहे."