चार ओळींचे नियम

मागच्या वर्षी शर्यत संपवताना क्लबच्या अध्यक्षांनी आपलं ग्लायडर माझ्या लेकीच्या बाबागाडीवरून इतक्या खालून नेलं, की तिच्या अंगावरचं दुपटं उडालं. मी भांडायला गेले तर म्हणाले, "वहिनी, नियमांची चाळीस पानं आहेत. याचे फार तर पाच गुण जातात!" शेजारी उभा असलेला माझा वैमानिक नवराही हसला, "अगं, किती बाऊ करतेस!"

यंदा नियम सोपे करायचं ठरलं. ते काम मी मागून घेतलं आणि चाळीस पानांच्या चार ओळी केल्या. "वा वहिनी, सुटलो!" म्हणत अध्यक्षांनी सही ठोकली, पाठोपाठ सगळ्या वैमानिकांनीही. वाचलं कुणीच नाही.

आजच्या शर्यतीत अध्यक्ष सगळ्यांच्या आधी पोहोचले, तसेच जमिनीला घासून. फळ्यावर आपल्या नावापुढे शून्य पाहून तणतणत आले. मी तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं: शेवटची रेषा पन्नास मीटर उंचीच्या खालून ओलांडली, तर दिवसाचे सगळे गुण रद्द.

"असं होय! म्हणजे दुसरा आलेला तुमचा नवरा जिंकला!"



"कुठलं हो भाऊजी, त्यालाही शून्यच. तो तर तुमच्याहून खालून आला."