मालकाची सही

"गाडी कुणाच्या नावावर?" आरसी बुक उघडत टेबलामागच्या मानसिंग पंचांनी विचारलं.

"हिच्या." राजरत्ननं ऐटीत शेजारी उभ्या असलेल्या बायकोकडं, मायाकडं बोट केलं. "घर, गॅरेज, गाडी, समदं हिच्याच नावावर केलंय. वकील म्हणले, शर्यतीत उतरतोयस तर स्वतःच्या नावावर काय ठिवू नगंस. उद्या कुणाला लागलं, दावा ठोकला, तर घरावर जप्ती नगं."

"गाडी पण बायकोच्या नावावर कर, असं वकील म्हणले?"

"न्हाई. ती मीच घातली त्यात. एका दमात."

मानसिंग हसले नाहीत. त्यांनी फॉर्म मायापुढं सरकवला. "मग सही तुमची, वैनी. वाचून करा."

माया ओळीवर बोट ठेवून वाचू लागली. बघ्यांना इजा झाल्यास भरपाईची जबाबदारी चालकाची आणि वाहनमालकाची. चालकाच्या नावावर आता अंगातल्या जाकिटाखेरीज काही उरलं नव्हतं. मालक ती. आणि उंब्रजचं घरही तिचंच.

"आवं," ती हळूच म्हणाली, "वाचवायचं म्हणून समदं गाडीच्या म्होरंच आणून ठिवलं की तुमी."

राजरत्नच्या तोंडचं पाणी पळालं. सहा महिने तो तारळीच्या कोरड्या पात्रात पडत, घसरत वळणं शिकला होता. "ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "जाऊ माघारी."

मायानं येझदी मोटारसायकलीकडं पाहिलं. वजन कमी करायला त्यानं मागची सीट काढली होती, मागं बसणाऱ्यानं पाय ठेवायचे पायटे काढले होते, साडीगार्डही काढून गॅरेजच्या खिळ्याला अडकवलं होतं. लग्न झाल्यावर याच गाडीवरून ती विट्याहून उंब्रजला आली होती, एका अंगानं बसून, त्याच्या खांद्यावर हात ठेवून. प्रत्येक वळणाआधी तो मागं न बघता म्हणायचा, "धर गं." आता गाडीवर तिला बसायला जागा नव्हती. कागदावर मात्र अख्खी गाडी तिची होती.

तिनं सही केली.

"वळणावर जपून," एवढंच म्हणाली आणि मैदानाच्या पलीकडच्या टोकाला चालू लागली.

सांगलीच्या त्या मैदानाला तेव्हा कुंपण नव्हतं. फक्की मारलेली रेघ आणि बांबूंना बांधलेली सुतळी, एवढाच बंदोबस्त. सगळ्यात अवघड वळणावर माणसं सुतळीच्या आत येऊन, शेंगा फोडत बसली होती. मायानं पदर कमरेला खोचला, दोन्ही हात पसरले.

"उठा! सरा मागं! लय मागं! माझं घर हाय हितं!"

माणसं कुरकुरत उठली आणि सुतळीबाहेर गेली. एक म्हातारा तेवढा डोळ्यांवर हात धरून मोकळं मैदान न्याहाळत राहिला.

"कुठं हाय गं पोरी घर?"

लांब बावटा पडला. गाड्या सुटल्या. धुरळ्याचा लोट वळणाकडं धावत आला.

"येतंय," माया म्हणाली.